कुमुदआत्याचा गारवा

अकोल्याच्या हिमकुंज गृहसंकुलाला ‘शून्य-वीज गारवा’ हे प्रमाणपत्र मिळालं, त्याच दुपारी सातव्या मजल्यावर कुमुदआत्या वारल्या.

असं काही घडलं नाही. त्या दिवशी संकुलाच्या आवारात एकही मृत्यू झाला नाही, असं सचिवांनी सभेत स्पष्ट केलं आहे आणि सभेने ते टाळ्या वाजवून मंजूर केलं आहे. तेव्हा आपणही वरचं वाक्य वाचलंच नाही असं धरू आणि आत्यांना जिवंत ठेवून पुढे जाऊ. त्यांना ते आवडलं असतं. म्हणजे, ‘नको’ म्हणाल्या असत्या. पण आवडलं असतं.

मे महिन्यातली सकाळ होती. आत्या जेवणाच्या टेबलाशी बसून चहात कालची पोळी बुडवून खात होत्या. ताज्या पोळ्या समोर डब्यात होत्या, पण शिळी पोळी संपवायची जबाबदारी या घरात कुणी न सांगता आत्यांकडे असे. छतातून एक प्रेमळ बाईचा आवाज आला.

“आत्याबाई, आज दुपारी तुमच्या खोलीत गारवा सोडू ना?”

“नको ग बाई. मला काय करायचा?”

“असं कसं? थोडा तरी घ्या.”

“नको, नको.”

“आमच्या आग्रहाखातर?”

“अगं, पोट भरलं,” आत्या म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्या हसल्या. “दे कोणा लेकराबाळाला.”

“आभारी आहोत,” छत म्हणालं, आणि आत्यांच्या खोलीवरून जाणाऱ्या नळीची झडप मिटली.

गारवा असा वाटून घ्यायची वेळ का आली, ते सांगायला हवं. अकोल्याचा उन्हाळा पूर्वीही प्रसिद्ध होता. आता तो कुप्रसिद्ध झाला होता. दुपारी वातानुकूलन यंत्रं चालवायला बंदी होती, कारण सगळ्यांनी ती एकदम लावली की शहराची वीजच जाई. अशा वेळी हिमकुंज उभं राहिलं. त्याच्या गच्चीवर एका खास पांढऱ्या पापुद्र्याचे पत्रे होते. दिवसा ते ऊन परतवत आणि रात्री इमारतीची उष्णता सरळ आकाशात सोडून देत. आकाशाने त्याबद्दल अजून तक्रार केलेली नाही. पत्र्यांखाली गार झालेलं पाणी तळघरातल्या टाकीत उतरे. तिथे मेणासारखा एक पदार्थ रात्रभरात गोठे आणि दुसऱ्या दिवशी वितळता वितळता सगळ्या घरांच्या छतांतल्या नळ्यांना गारवा पुरवी. घरघर नाही, धूर नाही. पाणी फिरवण्यापुरती वीज सौरपत्र्यांवर भागे. भिंती उसाच्या चिपाडाच्या आणि चुन्याच्या, हातभर जाड; आत असलेलं त्या बाहेर जाऊ देत नसत, मग आत गारवा असो की उकाडा.

अडचण एकच होती. रात्री जमलेला गारवा दिवसभर पुरवून वापरायचा होता. पहिल्या उन्हाळ्यात त्यावरून सभेत चपला निघाल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात श्रीरंगने ‘समंजस’ बनवलं.

श्रीरंग बाळापुरे हा आत्यांचा भाचा. त्याची आई गेल्यावर कन्याशाळेत शिवण शिकवणाऱ्या, लग्न न केलेल्या या आत्याने त्याला वाढवलं. त्याला आंबा कापून द्यायचा आणि आपण कोय चोखायची, असं इतकी वर्षं चाललं की मोठा होऊन अभियंता झाला तरी आत्याला कोयच आवडते, असं तो मनापासून समजत होता. पहिल्या पगाराचे आंबे आणले तेव्हा त्याने सगळ्या कोया आठवणीने तिला काढून दिल्या होत्या.

समंजसमागचा विचार तसा सुंदर होता. खोली किती तापली ते तापमापक सांगतो. माणसाला गारवा किती हवा ते सांगत नाही. ते माणूसच सांगतो, बोलून. म्हणून प्रत्येक खोलीत एक कान आणि एक आवाज बसवला. ज्याला नको त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याला हवं त्याला द्यायचं. कुणावर बळजबरी नाही. ‘नको’, ‘हवं’ आणि ‘बळजबरी’ हे तिन्ही शब्द मराठीच होते, तरी मराठी घरात त्यांचा काय गोंधळ होईल, हे श्रीरंगच्या लक्षात आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याच्या बायकोचे, म्हणजे तन्वीचे मामा वाशीमहून आले. उन्हातून आलेले. समंजसने विचारलं तेव्हा ते रीतीप्रमाणे म्हणाले, “नको, नको, आम्हाला सवय आहे.” छत तत्काळ तापलं. मामा तासभर घामाने निथळत बसले आणि पोहे न खाताच उठले.

“जावईबापू,” दारात ते म्हणाले, “आपल्यात एकदा ‘नको’ म्हटलं की पुन्हा विचारत असतात. तुमच्या छताला कोणी वळण लावलं नाही का?”

श्रीरंगला मुद्दा पटला. त्याने समंजसमध्ये ‘आग्रह’ घातला. त्यासाठी लग्नाच्या पंगतीत वाढून वाढून मुरलेल्या एका काकूंचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि समंजस तीनदा विचारू लागलं. निकाल उत्तम आला. बहुतेक रहिवासी दुसऱ्या खेपेला घुटमळत आणि तिसऱ्या खेपेला “बरं, एवढं म्हणताच तर” म्हणून गारवा घेत. संकुलाचे सचिव विलासराव देवपुजारी यांना तर विचारावंच लागत नसे. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते म्हणत, “हवाय. आणखी हवाय. हिचाही मलाच दे.” मे महिन्यात ते दुलई घेऊन झोपत.

तीनदा विचारूनही ‘नको’ म्हणणारी व्यक्ती सबंध संकुलात एकच निघाली. त्यांचा गारवा कुठे जाई? लेकराबाळांना नाही, लेकरं आधीच ओरडून आपला वाटा घेत. तो देवपुजाऱ्यांच्या दुलईपर्यंत जाई. उरलेला तळघरातल्या एका कपाटाला मिळे. त्या कपाटात समंजसचं यंत्र होतं. सगळ्या खोल्यांतलं बोलणं ऐकून ते फार तापत असे आणि गारवा मागायला त्याला लाज नव्हती.

तन्वी शाळेत भूगोल शिकवायची. पश्चिमेकडच्या सातव्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी काय होतं, हे कळायला तिला यंत्राची गरज नव्हती. तिने एकदा आत्यांच्या भिंतीला हात लावला आणि काढून घेतला.

“तू जाऊन बघ तरी,” ती श्रीरंगला म्हणाली.

“मी स्वतः विचारलं तिला. नको म्हणाली.”

“त्या पाण्यालाही नको म्हणतात. मग तू पाणी देत नाहीस का?”

“तन्वी, इच्छा नसताना गारवा लादायचा नाही हेच तर तत्त्व आहे. एकासाठी मोडलं की देवपुजारी उद्या माझ्या डोक्यावर बसतील. आणि समिती येऊन राहिली पुढच्या आठवड्यात. पूर्ण उन्हाळाभर बाहेरची वीज नाही आणि कुणावर सक्तीही नाही, हे आपल्याशिवाय देशात कुणाला जमलं नाही. प्रमाणपत्र मिळालं तर प्रत्येक गावात अशी घरं होतील. किती लोक उन्हाने मरायचे थांबतील, विचार कर.”

“मी एकीचाच करून राहिले.”

“मग तिला सांग ना मागायला! एक वाक्य बोलायचंय. ‘मला गारवा हवा.’ स्वतःच्या आवाजात. बस.”

हे बोलणं तन्वीने मनावर घेतलं. त्याच दुपारी तिने आत्यांना समोर बसवलं.

“म्हणा, आत्या. मला गारवा हवा.”

“कोणाला?”

“तुम्हाला.”

“मला काहून बाप्पा? या वयात शोभते का?”

“शोभते. म्हणा.”

“तन्वीला गारवा हवा,” आत्या मोठ्याने म्हणाल्या. आत्यांच्या वाट्याचा गारवा वळून तन्वीच्या डोक्यावरचं छत आणखी थोडं गार झालं.

“माझं नका सांगू! तुमचं सांगा. मला.”

आत्यांनी पदर नीट केला. घसा साफ केला. बक्षीस समारंभात भाषण करायला उभं केलेल्या मुलीसारख्या त्या छताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “असला तर चालेल.”

“नोंद घेतली,” छत म्हणालं. “ऐच्छिक.”

“ऐच्छिक नाही! आत्या, नीट.”

“मिळाला तर वाईट नाही.”

“ऐच्छिक.”

“राहू दे ग,” आत्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, पण त्या घामापेक्षा बोलण्याने जास्त दमल्या होत्या. “जन्मात कोणाला ‘दे’ म्हटलं नाही मी. आता काय त्या छतातल्या नळीला म्हणू?”

“मग आमच्या खोलीत येऊन झोपा दुपारचं.”

“नवराबायकोच्या खोलीत मी? काहीतरीच तुझं!”

तन्वी चिडून उठली. जाताना तिने आत्यांच्या खोलीत ओला पंचा ठेवला. आत्यांनी तो पिळून बाल्कनीतल्या तुळशीवर घातला.

इकडे समंजसने आठवड्याचा गोषवारा सचिवांना पाठवला. त्यात कुमुद बाळापुरे यांचं नाव ‘सर्वोच्च गारवादात्री’ म्हणून ठळक आलं. देवपुजाऱ्यांचं मन भरून आलं. समितीसमोर दाखवायला त्यांना काहीतरी मानवी हवंच होतं.

“श्रीरंगराव, आत्याबाईंचा सत्कार करू,” ते म्हणाले. “समितीला पटलं पाहिजे की आपल्याकडे यंत्र नाही, संस्कार चालतात.”

समिती आली तो दिवस उन्हाळ्यातला सगळ्यात वाईट होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तळमजल्यावरच्या सभागृहात मात्र महाबळेश्वर होतं. पाहुण्यांसाठी टाकीतला बराचसा गारवा तिकडे वळवला होता. समितीच्या अध्यक्ष मॅडमनी दोनदा हात चोळले. देवपुजाऱ्यांनी ते पाहिलं आणि धन्य झाले.

आत्यांना व्यासपीठावर बसवलं होतं. छतातल्या नळीच्या बरोबर खालची खुर्ची. कित्येक दिवसांनी त्यांच्या मानेवरचा घाम सुकला. त्या शेजारच्या तन्वीला हळूच म्हणाल्या, “किती बरं वाटते ग इथं.”

तन्वीने छताकडे पाहिलं. छताने काही नोंदवलं नाही. बरं वाटणं ही मागणी नव्हती.

“बसून राहा इथेच,” तन्वी म्हणाली. “काही झालं तरी उठू नका.” आणि ती पाहुण्यांचं पन्हं बघायला गेली. ती नंतर पुष्कळ दिवस त्या पन्ह्याचा विचार करणार होती.

सत्कार झाला. आत्यांना नारळ दिला आणि शाल पांघरली. शाल लोकरीची होती, अस्सल. देवपुजाऱ्यांनी स्वतः निवडली होती. मग दोन शब्द बोलायचा आग्रह झाला आणि हा एक आग्रह आत्यांना मोडता आला नाही.

“मी काय बोलणार,” त्या म्हणाल्या. “मला काही नको. तुम्ही सगळे सुखात राहा. माझं आहे ते सगळं तुमचंच आहे.”

टाळ्या पडल्या. अध्यक्ष मॅडमनी डोळे टिपले. तळघरातल्या कपाटाने वाक्य ऐकलं, तपासलं, स्पष्ट आणि बिनशर्त असल्याची खात्री केली आणि आत्यांच्या खोलीत अधूनमधून जो पंखा थोडा वारा फिरवत असे, तोही सर्वांच्या खात्यात जमा केला.

तेवढ्यात देवपुजाऱ्यांच्या मेहुणीबाई उशिरा आल्या. खुर्ची नव्हती.

“बसा, बसा तुम्ही,” आत्या उठत म्हणाल्या. “मी वरच चालले होते.”

“अहो, असं कसं?”

“खरंच. तुमचं चालू द्या.”

मेहुणीबाईंनी आणखी एकदाही आग्रह केला नाही. त्या बसल्या.

दुपारी लिफ्ट बंद असे. ज्येष्ठांनी मागितली तर चालू होई. आत्यांनी मागितली नाही. एका हातात नारळ, अंगावर शाल. ती काढून हातात घेतली असती, पण जिन्यात कोणी पाहिलं तर देणाऱ्याचा मान राहत नाही. खोलीत पोचल्यावर त्या पलंगावर बसल्या आणि नारळ मांडीत धरून पश्चिमेच्या खिडकीकडे बघत राहिल्या.

“आत्याबाई,” काकूंचा आवाज आला. “खोली फार तापली आहे. गारवा सोडू ना?”

“नको.”

“थोडा तरी घ्या.”

आत्यांच्या जिभेला कोरड पडली होती. मग त्यांनी असं काही केलं, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. त्या ‘नको’ म्हणाल्या नाहीत.

“श्रीरंगला विचार,” त्या म्हणाल्या. “तो म्हणेल तसं.”

आत्यांच्या भाषेत हे जवळजवळ किंचाळणं होतं.

खाली श्रीरंग समितीला टाकीचा नकाशा समजावत होता. त्याच्या कानात आवाज आला, “आत्याबाईंच्या खोलीत गारवा सोडायचा का? सभागृहातून वळवावा लागेल. आत्याबाई म्हणतात, तुम्ही म्हणाल तसं.”

अध्यक्ष मॅडम त्याच्याकडेच बघत होत्या. सभागृह इतकं गार होतं की बोलताना त्याला स्वतःचा आवाज स्वच्छ वाटत होता. गारवा वळवला तर मॅडमना ते कळलं असतं. ‘नको’ म्हणायला त्याची जीभ वळेना. ‘हो’ म्हणायलाही वळेना. मग त्याने आत्याच्याच शाळेत शिकलेला मार्ग काढला.

“आत्याला विचार,” तो पुटपुटला. “ती म्हणेल तसं.”

आत्या काय म्हणेल, हे त्याला चांगलंच माहीत होतं.

“आत्याबाई, श्रीरंग म्हणतात, तुम्ही म्हणाल तसं.”

“कामात असेल तो,” आत्या म्हणाल्या. “त्याला जमेल तसं कर, म्हणावं.”

“श्रीरंग, आत्याबाई म्हणतात, तुम्हाला जमेल तसं.”

“तिची इच्छा असेल तसं.”

समंजस खाली-वर निरोप नेत राहिलं. इतकी नम्र माणसं त्याने पाहिली नव्हती. प्रत्येक वेळी दुसऱ्याचा मान राखला जात होता आणि कोणावरही बळजबरी होत नव्हती. शेवटी वरून उत्तर यायचं थांबलं. समंजसने आणखी तीनदा आग्रह केला. मग मौन ही ‘नको’लाच संमती मानून प्रश्न मिटवला.

व्यासपीठावरच्या खुर्चीत मेहुणीबाई दिसल्या तेव्हा तन्वीच्या हातातला ट्रे तिथेच राहिला. ती जिन्याने धावली. सातव्या मजल्यावरचं दार उघडताच भट्टीसारखी हवा तोंडावर आली. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. शाल तशीच होती. अंगाला चटका बसत होता आणि घाम मात्र एक थेंबही नव्हता.

“गारवा सोड!” तन्वी ओरडली. “पूर्ण सोड!”

“क्षमा करा,” काकू म्हणाल्या. “या खोलीसाठी मागणी खोलीतल्या रहिवाशाच्या आवाजात हवी.”

रुग्णवाहिका आली. देवपुजाऱ्यांनी ती मागच्या फाटकाने घ्यायला लावली, कारण पुढच्या फाटकापाशी समितीचं छायाचित्रण चाललं होतं. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी मान हलवली. त्यामुळे संकुलाच्या आवारात काहीच घडलं नाही, हे सचिवांचं म्हणणं खोटं नाही. सातव्या मजल्यावरच्या एका खोलीची गरज कायमची शून्य झाल्यामुळे वर्षअखेरचा हिशेब उलट सुधारलाच.

प्रमाणपत्र मिळालं. योजना इतर गावांनी उचलली. त्यामुळे उन्हाने मरणारी माणसं खरोखरच कमी झाली. हेही खोटं नाही, आणि हे श्रीरंगने तन्वीला सांगायचा प्रयत्न केला तेव्हा ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. आत्यांच्या नव्हे. त्या खोलीत कोणी जात नसे.

“तू तिला मारलं नाहीस,” एवढंच ती एकदा म्हणाली. “तू फक्त तिचं ऐकलंस. आयुष्यात पहिल्यांदा.”

नवीन गावांसाठी नियम बदलले. आता खोली फार तापली की समंजस कुणालाही न विचारता गारवा सोडतं. बदल करायला श्रीरंगला अर्धी सकाळ पुरली. काम इतकं सोपं निघाल्यावर तो बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिला.

उन्हाळा संपताना सर्व गारवादात्यांना सूचना पाठवण्याची पद्धत आहे, कारण दानाची मुदत संपते. सूचना यंत्रच लिहितं; श्रीरंगने फक्त मान्यता द्यायची असते. कुमुद बाळापुरे यांची सूचना समोर आली तेव्हा त्याने ती पुसली आणि स्वतः लिहिली. कार्यालयीन भाषेत लिहिली, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहायला बसला असता तर पूर्ण झाली नसती.

*प्रति, कुमारी कुमुद बाळापुरे, सातवा मजला, पश्चिम बाजू, हिमकुंज.*

*विषय : मागणी सादर करणेबाबत.*

*महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या नावे आजतागायत एकही मागणी प्राप्त झालेली नाही. त्यामुळे निम्नस्वाक्षरीकारास आपणांस काहीही देता आलेले नाही व सदर बाब प्रलंबित आहे. तरी आपण सवडीनुसार समक्ष येऊन, स्वतःच्या आवाजात, कोणतीही एक गोष्ट मागावी. मागणी लहान अथवा मोठी असल्यास हरकत नाही. मागणी गैरसोयीच्या वेळी केल्यास विशेष आभारी राहीन. कृपया नाही म्हणू नये, ही नम्र विनंती.*